बावीस झाडं आणि दोन मिशा

आमच्या घरात ‘मला माहीत नाही’ असं म्हणायला बंदी होती. शिवी एक वेळ खपून जाई, बाबा फार तर चष्म्यावरून बघत. पण गिऱ्हाइकानं काही विचारावं आणि घरच्या माणसानं ‘माहीत नाही’ म्हणावं, हे त्यांच्या लेखी दिवाळं काढण्यासारखं होतं. घर तरी कसलं, खाली चार खोल्यांचं लॉज, वर आम्ही, आणि मधे एक लाकडी जिना. जिन्याची सातवी पायरी अशी करकरायची की कोण वर आलं नि कोण खाली गेलं, ते बाबांना गल्ल्यावर बसल्या बसल्या कळे. नागपूरचं स्टेशन हाकेच्या अंतरावर. दिल्लीकडची गाडी चुकलेले आणि मद्रासकडची न मिळालेले असे दोन्ही दिशांचे वैतागलेले लोक आमच्या दाराशी येऊन थडकत. इंजिनांच्या शिट्ट्या, डबे एकमेकांना जोडतानाचा तो धडाडधूम आवाज, फलाटावरच्या संत्रेवाल्यांची आरोळी, हे सगळं आमच्या घरात भिंतीवरच्या घड्याळासारखं होतं; बंद पडलं तरच लक्षात यायचं. आई वर स्वयंपाक करायची. ज्या दिवशी वडाभात असे त्या दिवशी हिंगाच्या फोडणीचा वास जिन्यावरून असा काही खाली उतरायचा की सामान बांधून बसलेला माणूस हमालाला म्हणायचा, "राहू दे बाबा, संध्याकाळच्या गाडीनं जाऊ."

"गिऱ्हाईक विचारून राहिलं ना, मग उत्तर द्यायचं," बाबा सांगत. "बरोबर का चूक, ते त्याची गाडी सुटल्यावर पाहू."

या शाळेत मी वाढलो. वीस वर्षांचा होतो, बी.ए.च्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसण्याची तयारी जोरात चालू होती, म्हणजे एरंडेल लावून ओठावर एक मिशी वाढवत होतो. मिशी काळी, बारीक, दोन्ही टोकांना जराशी वळलेली. तिच्याशिवाय त्या वर्षीचं माझं काहीच उत्पादन नव्हतं. उरलेल्या वेळात मी लॉजच्या पाहुण्यांना गाव दाखवायचो. झीरो माइलच्या खांबाजवळ चार दगडी घोडे आहेत. मद्रासच्या एका व्यापाऱ्याला मी चारही घोड्यांची नावं, रंग आणि स्वभाव सांगितले. एका बंगाली कुटुंबाला अंबाझरी तलावाच्या तळातून थेट रामटेकपर्यंत भुयार नेऊन दिलं. एका निवृत्त न्यायाधीशांनी मधेच थांबून विचारलं, "ही माहिती कुठे मिळाली?" मी म्हणालो, "घराण्यात चालत आलेली आहे." आणि यात खोटं काही नव्हतं.

मार्थाबाई आमच्याकडे आल्या त्या जानेवारीतल्या एका सकाळी. उंच, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, पायात कॅनव्हासचे बूट, पाठीला खाकी पिशवी. हॉलंडमध्ये चाळीस वर्षं नर्स होत्या, आता निवृत्त. फलाटावर त्यांनी आयुष्यातलं पहिलं नागपुरी संत्रं सोललं होतं आणि त्याची साल रुमालात बांधून सोबत आणली होती. मी नेहमीप्रमाणे किल्ला, तलाव, म्युझियम अशी सरबत्ती सुरू केली. माझं इंग्रजी तेव्हा खूप वेगानं धावायचं, कारण थांबलं की पडायचं. बाईंनी हात वर करून मला थांबवलं.

"हे फळ ज्यांच्या घरी पिकतं, त्यांच्याकडे मला ने," त्या म्हणाल्या. "मी त्यांच्याकडे राहीन, ते खातील ते खाईन. आणि राहण्याचे पैसे त्यांच्याच हातात देईन, तुझ्या नाही."

परवा एका सभागृहात माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि एक काचेची वस्तू मिळाली, ती कशासाठी असते ते अजून घरात कुणाला उमगलेलं नाही. पाठीमागच्या फलकावर माझ्या नावाखाली ‘जबाबदार पर्यटनाचे आद्य प्रवर्तक’ असं छापलं होतं. प्रवाशाला थेट गावात न्या, गावकऱ्यालाच वाटाड्या करा, मिळकत गावातच राहू द्या, हे म्हणे मी विदर्भात सगळ्यांच्या आधी सुरू केलं. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना तो विनय वाटला. खरी हकीकत अशी की त्या जबाबदारीचा उगम माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात बेजबाबदार सकाळी झाला, आणि तिची किंमत मोजली होती कौसामामीनं.

कौसामामी म्हणजे माझ्या धाकट्या मामाची बायको. आईचं माहेर उमरी, कळमेश्वरच्या पुढे, एस.टी.तून उतरून तासभर बैलबंडीनं जायचं. मामी बुटकी, काळीसावळी, चालायला लागली की पदर मागे राहायचा आणि ती पुढे निघून जायची. घरचा संत्र्याचा जुना बगीचा होता, तो मामाच्या नावाचा. पण नाल्यापलीकडे एक बरड तुकडा पडीक होता. दगड इतके की पेरायला गेलं तर तिफण रडायची. तिथे मामीनं एकटीच्या हिमतीवर चाळीस कलमं लावली. पाच वर्षं डोक्यावर घागरी वाहून ती जगवली. गाव हसलं. सगळ्यात जास्त हसले पुंडलिकमामा, म्हणजे माझे मोठे मामा, मामीचे भासरे. त्यांची मिशी ही उमरीतली बघण्यासारखी गोष्ट होती, चेहऱ्यावर आडवा ठेवलेला झाडूच. भर चावडीवर ते बोलून बसले, "त्या बरडावर संत्रं लागलं तर मिशी उतरवून ठेवीन!" आता सहावं वर्ष, झाडांचा पहिला बहार. मामीच्या पाच वर्षांच्या घागरी एकीकडे आणि पुंडलिकमामांची मिशी दुसरीकडे, अशी ती तराजू सगळं गाव बघत होतं.

त्यात आणखी एक भानगड होती. आमच्याकडे सून भासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. मामी डोक्यावर पदर घेई आणि जे काही सांगायचं ते तिसऱ्याला सांगे. मामा घरी असला तर मामाला, नसला तर गोठ्यातल्या हिऱ्या नावाच्या बैलाला.

"हिऱ्या, सांग त्याईले, चहा थंडा होऊन राह्यला."

पुंडलिकमामाही तितक्याच गांभीर्यानं बैलाकडे बघून उत्तर देत. "हिऱ्या, साखर कमी आहे म्हणा."

"हिऱ्या, मागच्या खेपेले जास्त झाली म्हणत होते म्हणा."

बारा वर्षं हा संसार बैलाच्या मार्फत सुरळीत चालला होता. हिऱ्यानं कधी निरोप चुकवला नाही.

निघताना आईनं मला विचारलं, "तुले बगीच्यातलं काय समजते रे? तू उमरीले जाते तो संत्रं खायले."

"बाईंना काय दाखवायचं ते मी बघतो," मी मिशीवरून बोट फिरवत म्हणालो.

उमरीत मामीनं बाईंचं स्वागत केलं ते त्यांचे दोन्ही हात हातात घेऊन, उलटेपालटे करून बघून. "कामाचे हात आहेत वं," ती म्हणाली. मी इंग्रजीत सांगितलं की मामी म्हणते, हात सुंदर आहेत. हे का बदललं कुणास ठाऊक. सवय. त्या संध्याकाळी अंगणात तुराट्यांचा जाळ करून त्यावर वांगी भाजली. साल करपून फुटली की आतून एक हिरवट गोड वास येतो, तो ज्याला माहीत आहे त्याला भरिताबद्दल आणखी काही सांगावं लागत नाही. ज्वारीची भाकर, भरीत, जवसाची चटणी, कांद्याची पात. बाईंनी चटणीचा मोठा घास घेतला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि पुन्हा घेतला. उकडलेल्या तुरीच्या शेंगांचा ढीग मधे ठेवून सगळे सोलत बसले. मामी एक शेंग सोले, दाणे बाईंच्या ताटात टाके. बाई एक सोलत, दाणे मामीच्या ताटात टाकत. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता आणि गप्पा मस्त चालल्या होत्या. मला वाटलं, या आपल्याशिवायच बोलून राहिल्या. हे काही बरं लक्षण नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच बाईंना घेऊन बगीचा दाखवायला निघालो. मामा आणि मामी सावनेरच्या बाजाराला गेले होते. नाला ओलांडून बरडावर पोचलो आणि मी जागीच थांबलो. मी बगीचा पाहिला होता तो नेहमी दिवाळीनंतर, फळांनी लगडलेला, हिरवागार. समोर चाळीस झाडं उभी होती ती माना टाकून. पानं मिटलेली, पिवळी पडलेली, काही खाली गळालेली. बुंध्याभोवतीची आळी कोरडी खडखडीत, जमिनीला भेगा.

"ही झाडं मरताहेत का?" बाईंनी विचारलं.

या ठिकाणी शहाण्या माणसानं म्हणायला हवं होतं, मला माहीत नाही, मामी आली की विचारू. दोन-तीन तासांचा प्रश्न होता. पण माझ्या जिभेला ते वळण नव्हतं. उत्तर मी शोधलंच नाही, ते आपोआप आलं. मी आवाज खाली आणला आणि सांगितलं की ही एक दुःखद कौटुंबिक कहाणी आहे. मोठ्या भावानं धाकट्याचं पाणी तोडलं आहे. बाईमाणसानं बगीचा उभा केलेला त्याला बघवत नाही.

"कोणता मोठा भाऊ?"

"कालचे ते. मिशीवाले."

मिशीनं माझं काम सोपं केलं. तशी मिशी असलेल्या माणसाबद्दल काहीही सांगा, पटतं. आदल्या रात्री त्याच पुंडलिकमामांनी बाईंसाठी स्वतः गुळाची ढेप फोडली होती, हे आम्ही दोघंही विसरलो. बाईंचे ओठ घट्ट मिटले. त्यांनी एका झाडाचं पान दोन बोटांत धरलं, जशी नाडी बघतात तसं, आणि म्हणाल्या, "चाळीस वर्षांत मी तहानलेल्या माणसाकडे पाठ फिरवलेली नाही. विहीर आहे ना?"

विहीर होती. विहिरीवर त्याच वर्षी बसवलेली विजेची मोटर होती, तिला हिरवं आणि लाल अशी दोन बटणं होती. आणि बाईंसमोर हिरवं बटण दाबताना मला जे वाटलं ते मी आजतागायत कुठल्याही सत्कारात अनुभवलेलं नाही. पाणी पाटातून धावत सुटलं. बाईंनी बाह्या वर केल्या, मी फावडं घेतलं. एकेक आळं उघडायचं, भरायचं, बंद करायचं. कोरडी माती पाणी पिताना चुर्रर्र आवाज करते, बुडबुडे सोडते. बाई प्रत्येक झाडाशी त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होत्या. सकाळभरात बावीस झाडं झाली. तेवढ्यात पुंडलिकमामा नाल्यापलीकडून जाताना दिसले. त्यांनी हात वर करून रामराम केला. बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांचा हात हवेतच राहिला.

"काहून गा वसंता," त्यांनी तिकडूनच ओरडून विचारलं, "या बाईचं मी काय घोडं मारलं?" आणि मग त्यांची नजर खाली आली, चमकणाऱ्या पाण्यावर. ते पाण्यातून तसेच धावत अलीकडे आले. "अरे बंद कर! बंद कर रे ते!"

मला वाटलं, बघा, माझी कहाणी खरी निघाली. हा माणूस खरंच पाणी तोडायला आला! इतका आनंद झाला की मी मोटर बंद करायला तयारच होईना. त्यांनीच धावत जाऊन लाल बटण दाबलं. आणि त्याच वेळी डोक्यावर बाजाराची टोपली घेऊन मामी बांधावर आली.

तिनं टोपली खाली ठेवली. एक आळं बघितलं, दुसरं बघितलं. बोटानं मोजत शेवटपर्यंत गेली, परत आली आणि बांधावर बसली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"कोणं सोडलं पाणी?"

"बाईंनी," मी म्हणालो.

तेवढ्या एका शब्दाची लाज मला अजून वाटते. मिशी फुटलेला वीस वर्षांचा बाप्या, साठीच्या पाहुणीच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला! पाहुणीला कोण काय बोलणार, असा हिशोब मी अर्ध्या क्षणात केला होता. बाईंना एवढं कळलं की प्रश्न पाण्याचा आहे. त्या पुढे झाल्या, पुंडलिकमामांकडे बोट दाखवून त्वेषानं बोलायला लागल्या. हा निर्दयी माणूस आहे, यानं पाणी तोडलं, मला वसंतानं सगळं सांगितलं आहे, या बाईनं घाबरू नये, मी तिच्या बाजूनं आहे. बराच वेळ त्या बोलत होत्या. थांबल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"बाई म्हणतात, चुकलं," मी सांगितलं.

मामीनं मान तिरकी केली. "एवढी लांब बोलली अन् तू दोन शब्दांत सांगून राह्यला?"

"इंग्रजी लांब असते, मामी."

"वसंता," ती अगदी हळू म्हणाली, "बारा वर्षं झाले, मी बैलाच्या तोंडून बोलून राह्यली. मधातला कोण निरोप पोचवते अन् कोण खाते, ते मले समजते. हिऱ्या मुका आहे, पण एक अक्षर गाळत नाही. तू सांग आता. तिनं मोठ्या दादांकडे बोट कायले दाखवलं?"

मग मी सांगितलं. सगळं. मराठीत मामीला आणि इंग्रजीत बाईंना, आळीपाळीनं, आणि दोन्हीकडे चेहरे बदलताना बघत. पुंडलिकमामा मधेच म्हणाले, "मी पाणी तोडलं? मी?" त्यांनी दोन वेळा मिशीवर हात फिरवला, जणू ती साक्षीदार होती.

मामीनं एक ओलं ढेकूळ उचलून माझ्या हातात दिलं. "झाडाले ताण देऊन राह्यलो होतो आम्ही. बहार धरायचा तर आधी पाणी तोडाव लागते. महिना, सव्वा महिना. झाडाले वाटलं पाहिजे, का आता आपण जगत नाही. तवा ते जीव एकवटते अन् फुलते. पोटभर पाणी भेटलं का ते निवांत होते, नुस्ती पानं काढते. पंधराच दिवस राह्यले होते. पंधरा." ढेकूळ हातात धरून मी बाईंना ते शब्दाला शब्द सांगितलं. शपथेवर सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा काही गाळलं नाही, काही घातलं नाही.

बाई बांधावर मामीशेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "ऑपरेशनच्या आधी पेशंटला उपाशी ठेवतात. रात्रभर पाणी नाही. तो कितीही रडला तरी नाही. नव्या पोरींना मी हेच शिकवत आले. आणि मी स्वतः येऊन पाणी पाजलं. ज्यानं केस सांगितली, त्याला मी विचारलंसुद्धा नाही की तू डॉक्टर आहेस का."

हेही मी सांगितलं. मामीनं ऐकलं, हुंकार भरला आणि बाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तिले समजलं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "बाई इथंच राहील. तू जाय नागपूरले."

"पण मामी, भाषा? मी नसलो तर..."

"तू होता म्हणूनच तर झालं ना बाप्पा हे."

बाबांनी मला एकटा परत आलेला बघून विचारलं, "गिऱ्हाईक कुठे?"

"उमरीला राहिलं."

"आणि तू?"

"मला काढून टाकलं."

"कोणी?"

"मामीनं."

बाबा विचारात पडले. लॉजचं गिऱ्हाईक नातेवाइकांनी पळवल्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

बाई महिनाभर राहिल्या. उरलेल्या अठरा झाडांचा ताण पुरा झाला तेव्हा पाणी सोडण्याचा मान मामीनं त्यांनाच दिला. हिरवं बटण त्यांनी दाबलं, पण आधी मामीकडे तीनदा बघून, असं मामानं मला नंतर सांगितलं. जाण्याआधी त्यांनी कळ्या बघितल्या. मी मात्र उमरीला गेलो ते थेट मे महिन्यात, मामीचा निरोप आल्यावर. बावीस झाडांचा हिवाळ्याअखेरचा आंबिया बहार हुकला होता, आता त्यांना पावसाळ्यातल्या मृग बहारासाठी पुन्हा ताण द्यायचा होता. आणि त्या झाडांवर कुणी दयाळू माणूस पाणी टाकत नाही, यावर नजर ठेवायला मामीला एक माणूस हवा होता. भट्टीसारख्या उन्हात मी पळसाच्या पानांच्या मांडवाखाली एका विहिरीशेजारी बसून होतो आणि पाणी देत नव्हतो. काही न करणं हे इतकं अवघड काम असतं याची मला कल्पना नव्हती. येणारे-जाणारे विचारत, "काय करून राह्यला गा वसंता?" मी म्हणे, "ताण देऊन राहिलो." "झाडाले का स्वतःले?" हा त्यांचा ठरलेला पुढचा प्रश्न असे.

दिवाळी झाली आणि अठरा झाडं केशरी झाली. दगडातून आलेलं फळ लहान, पण साल पातळ आणि गोडी अशी की चावडीवर फोड खाणारा प्रत्येक माणूस खाता खाता पुंडलिकमामांच्या ओठाकडे बघत होता. मोठ्या मामांनी वकिली मुद्दा काढला. बोली चाळीस झाडांची होती, लागली अठरा. मामी खांबाआड पदर घेऊन उभी होती. हिऱ्याही सोबत होता, फळांची बंडी घेऊन आलेला.

"हिऱ्या, सांग त्याईले. अठरा झाडाची अठरा झाडाएवढी काढा म्हणा."

चावडी हसून लोळली. न्हाव्यानं वस्तरा पाजळला, आरसा समोर धरला. पुंडलिकमामांनी एका बाजूवर पंजा झाकून बघितलं, मग दुसऱ्या बाजूवर झाकून बघितलं. अर्ध्या मिशीचा माणूस जगात कुठेही जाऊ शकत नाही, हे त्यांना त्या आरशात दिसलं असावं. "काढ गा पुरी," ते म्हणाले. झाल्यावर त्यांनी रिकाम्या ओठावर हात फिरवला आणि न राहवून हसले. मग गोठ्यातली बारा वर्षांची वहिवाट मोडून थेट खांबाकडे बघून बोलले, "कौसल्या, माल चांगला आहे वं तुझा."

मामीचा पदर जरा मागे सरकला. नंतर तिनं बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "हिऱ्या, राहिलेल्या बावीस झाडाची कोणाची मिशी म्हणा?"

सगळी चावडी माझ्याकडे वळली. एरंडेलाच्या दीड वर्षाचं पीक न्हाव्यानं दोन हातांत उतरवलं. त्यानंतर मी मिशी कधी ठेवली नाही. सत्काराच्या वेळी निवेदिकेनं माझ्या ‘प्रसन्न, नितळ चेहऱ्या’चा उल्लेख केला तेव्हा मला तो वस्तऱ्याचा गार स्पर्श आठवला.

मृगाचा माल फेब्रुवारीत तयार झाला आणि त्याच सुमारास बाबांच्या नावानं आलेल्या पत्राप्रमाणे मार्थाबाई परत आल्या, सोबत दोन मैत्रिणी. बाबांनी मला बाजूला घेतलं. "यांना काय पाहायचं ते मामी दाखवील. तू नुसता बंडीपर्यंत सोड. काही विचारलं तर..." ते थांबले. इतक्या वर्षांच्या तत्त्वाला हात घालायचा म्हणजे जड जात होतं. "तर म्हणावं, विचारून सांगतो." पुढे आमच्या लॉजचा हाच धंदा झाला. लोक यायचे, मी त्यांना गावापर्यंत पोचवायचो, आणि गावात ज्याचं जे त्यानं दाखवायचं. ज्याला लोक आज माझं कार्य म्हणतात, ते मुळात माझं तोंड बंद ठेवण्यासाठी केलेली व्यवस्था होती.

पण त्या दिवशी मैत्रिणींसाठी दुभाष्या लागणार होताच. मामीनं मला बरडावर सोबत घेतलं, अट घालून: ती बोलेल, मी सांगेन, बस्स. बावीस झाडं फळांनी वाकली होती. मामी ओळीच्या सुरुवातीला उभी राहिली, पदर खोचला आणि सराईत वाटाड्यासारखी सुरू झाली. बरडाचे दगड सांगितले, घागरी सांगितल्या, ताण सांगितला. मी मागोमाग इंग्रजीत उतरवत होतो. मग ती पहिल्या झाडाच्या खोडावर थाप मारून म्हणाली, "अन् ह्या ओळीचं नाव आम्ही ‘गाइड’ ठेवलं. मागच्या साली नागपूरहून एक गधा आला होता. त्याले काहीच समजत नव्हतं, पण थो समदं सांगे. त्यानं ह्या बाईले फसवलं, झाडाईले पाणी पाजलं अन् वरतून बाईचंच नाव घेतलं. थोच हा उभा आहे."

मी खाकरलो. आणि सांगितलं. मागच्या वर्षी नागपूरहून एक तरुण आला होता, त्याला काहीच कळत नव्हतं पण तो सगळं सांगे, त्यानं या बाईंना फसवलं, झाडांना पाणी पाजलं, दोष बाईंवर ढकलला, आणि तो मीच. मैत्रिणी हसल्या. मला घाम फुटला होता, पण छातीही जराशी फुगली होती. सगळं सांगितलं होतं. जवळजवळ सगळं.

मामीनं माझ्याकडे संशयानं बघितलं, मग माझ्या खांद्यावरून मार्थाबाईंकडे. "काहून वं मारताबाई, बराबर सांगतलं का यानं?"

मार्थाबाईंनी संत्र्याची साल काढता काढता मान वर केली. महिनाभर उमरीत कुणाच्याही मध्यस्थीशिवाय राहिलेली ती बाई, अगदी उमरीच्या सुरात म्हणाली:

"नाई वं कौसाबाई. गधा नाई सांगतला त्यानं."